आइसलंड: चार लाखांच्या देशातली बायकांची फुटबॉल लीग

उत्तरवाहिनी | रवि, ०६/१०/२०२४ - १३:४०

काल सामन्यात एकही गोल झाला नाही आणि तरी माझा घसा बसलाय. लेकीचा तर इतका, की ती सकाळपासून खुणांनी बोलतेय. घरात अशी शांतता मिळणार असेल तर दर शनिवारी फायनल ठेवा म्हणावं.

रेक्याविकला येऊन सात वर्षं झाली. या संस्थळावर क्रिकेटचे ढिगाने धागे आहेत, म्हटलं एक हाही असू दे.

तर काल आइसलंडच्या बायकांच्या अव्वल लीगचा शेवटचा दिवस होता. ब्रेदाब्लिक एका गुणाने पुढे, वालुर मागे, आणि शेवटची लढत नेमकी याच दोन संघांची, वालुरच्या मैदानावर. ब्रेदाब्लिकला बरोबरी पुरत होती, वालुरला जिंकणं भाग होतं. झाली ०-०. ब्रेदाब्लिकचं हे १९ वं विजेतेपद, एवढी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. ऑगस्टमध्ये याच वालुरने त्यांना कपच्या फायनलला २-१ असं हरवलं होतं, त्याचं उट्टं निघालं. (त्या कपचं नाव दूध कप. थट्टा नाही, प्रायोजक डेअरीवाले आहेत.)

मैदानावर दीड हजारांच्या वर माणूस होतं. हसू नका. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. महाराष्ट्राच्या मापाने हाच आकडा पाच लाखांच्या घरात जातो.

लीगचं नाव 'बेस्टा देइल्द', म्हणजे सरळ 'सर्वोत्तम लीग'. २०२१ पर्यंत नावात एका शीतपेयाचं नाव असायचं, ते गेलं आणि यांनी स्वतःच स्वतःला सर्वोत्तम म्हणून टाकलं. पुणेकरांना या आत्मविश्वासाची ओळख आहेच. संघांची नावं मात्र झकास. वालुर म्हणजे ससाणा, स्त्यार्नान म्हणजे तारा, आणि ब्रेदाब्लिक हा त्यांच्या पुराणातल्या बाल्डर देवाचा महाल. खेळाडूंच्या आडनावांचं म्हणाल तर बहुतेकींना आडनावं नाहीतच. वडिलांचं नाव आणि पुढे 'दोत्तिर', म्हणजे मुलगी. अकरातल्या बहुतेक जणी अमक्याच्या कन्या. समालोचक म्हणूनच पहिल्या नावाने बोलतात, आणि मला तरी वाड्यातल्या पोरी खेळतायत असंच वाटत राहतं.

शिट्टी वाजल्यावर लेक रडली. ती वालुरची. मी कुणाचीच नाही, पण हे तिला सांगितलेलं नाही.

---

पेठेतला_रांगडा | रवि, ०६/१०/२०२४ - १४:२२

ताई, शिवाजी पेठेतनं दंडवत.

चार लाख म्हंजे आमच्या कोल्हापूर शहराहून कमी की! २०११ च्या जनगणनेला आम्ही साडेपाच लाखाला टेकलो होतो. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार ह्या दोन तालमींची मॅच लागली की दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर येतंय. फुटबॉलचं वेड शिकवायला नको आम्हाला. पण पोरींचं विचाराल तर मान खाली. तालमी पोरांच्या, मैदान पोरांचं, पेठेची ईर्ष्या बी पोरांचीच.

तुमच्या तिथं हे जमलं कसं, ते जरा इस्कटून सांगा. आणि दूध कप वाचून जीव सुखावला. आमच्याकडं दुधाला तोटा न्हाई, कप तेवढा काढायचा राहिलाय.

---

शंकासुर | रवि, ०६/१०/२०२४ - १५:०५

कौतुक ठीक आहे, पण जरा हात आखडता घ्या.

१) देश श्रीमंत, माणसं कमी. पैसा टाकला की सगळं जमतं. २) दोनच क्लब आलटून पालटून जिंकत असतील तर तिला लीग का म्हणायचं? ३) विकिपीडियावर पाहिलं, २००७ मध्ये एका बाईंनी १६ सामन्यांत ३८ गोल ठोकलेत. हे खेळाडूचं कर्तृत्व की बचाव करणाऱ्यांची दिवाळखोरी?

---

नर्मदाकाकू | रवि, ०६/१०/२०२४ - १५:३१

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण एवढ्या थंडीत त्या पोरी अर्ध्या चड्डीवर खेळतात? गुडघे धरत नाहीत?

---

उत्तरवाहिनी | रवि, ०६/१०/२०२४ - १९:४८

काकू, आतून थर्मल घालतात. गुडघ्यांचं दुखणं खरं आहे, पण ते थंडीमुळे कमी आणि लिगामेंट फाटल्याने जास्त.

शंकासुर, आधी तुमचा तिसरा मुद्दा. ३८ गोल मारणारी मार्ग्रेत लारा विदार्सदोत्तिर. तिने देशाकडून १२४ सामन्यांत ७९ गोल केलेत, समोर गल्लीतल्या पोरी नव्हत्या. त्याच २००७ साली पुरुष, बायका, सगळे खेळ धरून देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिलाच निवडलं. पण तुमचं अर्धं बरोबर आहे. तेव्हा वरचे दोन-तीन संघ आणि खालचे संघ यांच्यात दरी होती. वालुरने २००६ ते २०१० सलग पाच वेळा लीग जिंकली, त्यावरूनच कळतं.

नंतर चित्र हललं. २०११, १३, १४, १६ स्त्यार्नान. २०१२ आणि २०१७ ला तर उत्तरेच्या आकुरेयरी गावचा थोर/केए. याची गंमत पेठेतल्या दादांना आवडेल. थोर आणि केए हे एकाच गावातले हाडवैरी क्लब. पोरांचे संघ वेगवेगळे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पोरींसाठी मात्र दोघांनी मिळून एक संघ केला, कारण गावात वीसेक हजार माणसं, दोन तगडे संघ निघणार कुठून? पाटाकडील आणि दिलबहारने मिळून मुलींचा एक संघ काढला असं समजा. २०१७ मध्ये त्यांची सगळ्यात जास्त गोल करणारी स्टेफनी मायोर, थेट मेक्सिकोहून आलेली. यंदा लीगमध्ये सर्वाधिक गोल त्यांच्याच सांद्रा मारिया येस्सेनचे, २२. मुलीच्या जन्मानंतर परत आलेली बाई आहे ती.

गेली पाचसहा वर्षं मात्र पुन्हा वालुर-ब्रेदाब्लिकच. हे नाकारत नाही. २०२३ पासून मात्र रचना बदलली. दहा संघ, १८ फेऱ्या, मग यादी मधून कापतात. वरचे सहा आपसात पुन्हा एकेकदा खेळतात, खालचे चार आपसात, आणि त्यातले दोन खालच्या विभागात जातात. कालचा सामना असा जुळून आला तो या कापाकापीमुळेच.

आता पहिला मुद्दा, पैसा. लीगमधल्या बहुतेक जणी पगारावर जगत नाहीत. माझ्या लेकीची प्रशिक्षक खालच्या विभागातल्या एका संघाची राखीव गोलकीपर आहे. दिवसा बालवाडीत शिकवते. दुपारी साडेतीनला बालवाडीतून सुटते, चारला आमच्या पोरींचा सराव घेते, सहाला स्वतःच्या सरावाला जाते. एकदा तिच्या बोटांना चिकटपट्ट्या दिसल्या. मला वाटलं चेंडू लागला असेल. तर म्हणाली, सकाळी मुलांबरोबर कागदी कंदील कापत होते.

पैसा आहे, पण तो वर नाही, तळात आहे. पालिका प्रत्येक मुलामागे खेळासाठी वर्षाला ठरावीक रक्कम देते. रेक्याविकमध्ये २०२४ साली ती ७५ हजार क्रोना होती, म्हणजे तेव्हाचे साधारण ४५ हजार रुपये. मुलगी असो की मुलगा, रक्कम तीच. २००० साली केप्लाविकला पहिलं पूर्ण मापाचं छपराखालचं मैदान झालं, त्याआधी हिवाळ्यात हे लोक खडीच्या मैदानावर खेळायचे. नंतर शाळांशेजारी छोटी कृत्रिम गवताची मैदानं घातली, देशभरात शंभरावर. त्यांना कुलूप नसतं. रात्री नऊला दिवे चालू असतात आणि पोरं बर्फ बाजूला सारून खेळत असतात.

उरलेलं उद्या. पोळ्या व्हायच्यात.

---

गोंयकार_पात्रांव | रवि, ०६/१०/२०२४ - २१:१०

छान धागा. गोव्यात वाडयेवाडयेर फुटबॉल, चर्चीच्या फाटल्यान (मागे) मैदान, हें सगळें आसा. गेल्या पिढीत योलांडा डिसोझा भारताकडून खेळली ती आमच्याच गोव्याची. तरी माझ्या भाचीला चौदाव्या वर्षी घरून सांगितलं, पुरे आता. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पुढे काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, एवढंच.

जाता जाता, भारताची गोलकीपर अदिती चौहान आइसलंडला खेळून आलीय ना?

---

उत्तरवाहिनी | सोम, ०७/१०/२०२४ - ११:१५

हो! २०२१ मध्ये. हामार नावाच्या क्लबकडून, खालच्या विभागात. ह्वेरागेर्दी हे त्यांचं गाव, रेक्याविकहून पाऊण तासावर. जमिनीतून वाफा निघतात आणि त्या वाफेवर काचेच्या घरांत टोमॅटो पिकवतात. या क्लबचा सरावाचा हॉल फुग्यासारखा हवा भरलेला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत वादळ आलं आणि फुगा फाटला. इथे वाऱ्याची ही तऱ्हा आहे. गोलकिक मारलेला चेंडू मागे आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

परदेशी खेळाडूंचं बोलायचं तर अमेरिकेशी देवाणघेवाण मोठी. तिकडच्या कॉलेजांतून पास झालेल्या मुली इथे येतात. क्लब राहायला खोली देतो, एखादी जुनी गाडी देतो, वर थोडे पैसे. म्युरिएल टियर्नन अशीच २०१८ ला तिंदास्तोल या क्लबकडे आली. सौयदारक्रोकुर हे त्यांचं गाव अडीच-पावणेतीन हजार वस्तीचं, घोडे आणि मासळी यांवर चालणारं. त्या गावाचा संघ २०२१ मध्ये पहिल्यांदा अव्वल लीगमध्ये आला, आणि त्यात तिच्या गोलांचा वाटा फार मोठा.

उलट दिशेनेही वाहतूक आहे, आणि तिथे क्लबवाले कपाळाला हात लावतात. लीग एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. अमेरिकन कॉलेजं उघडतात ऑगस्टमध्ये. म्हणजे ऐन मोसमात, जेव्हा गुणांची मारामारी चालू असते, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या दोनतीन चांगल्या पोरी शिष्यवृत्तीवर भुर्र उडून जातात. प्रशिक्षक विमानतळावर सोडायला जातो, हसून हात हलवतो आणि रविवारी पंधरा वर्षांच्या मुलीला उतरवतो.

---

म्युनिकचा_मोरू | सोम, ०७/१०/२०२४ - १२:०२

त्या पंधरा वर्षांच्या मुलींचं पुढे काय होतं ते मी इथे बघतो. इथल्या बायर्न म्युनिक क्लबच्या महिला संघाची कप्तान ग्लोदिस पेर्ला विग्गोस्दोत्तिर. गेल्या मोसमात बायर्नने एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकली आणि बचावाच्या मधोमध ही उभी. स्त्यार्नानमध्ये खेळून मग स्वीडनमार्गे इथे आली. मैदानावर कधी धावपळ करताना दिसत नाही, कारण चेंडू कुठे पडणार ते तिला आधीच कळलेलं असतं.

आणि १२ जुलैला रेक्याविकमध्ये आइसलंडने जर्मनीला ३-० हरवलं तेव्हा माझ्या हापिसात जे सुतक होतं ते बघायला हवं होतं. मी गुपचूप डब्यातला शिरा वाटला.

---

शंकासुर | सोम, ०७/१०/२०२४ - १२:४०

मान्य, तळाचं पटलं. पण मग हे लोक वर्ल्ड कपला का दिसत नाहीत? आणि यांच्या लीगचे क्लब युरोपात काय दिवे लावतात?

---

उत्तरवाहिनी | सोम, ०७/१०/२०२४ - २०:३०

वर्ल्ड कप अजून एकदाही नाही. २०२२ ला पोर्तुगालविरुद्ध जादा वेळेत हरले आणि हुकलं. आमच्या घरात तो विषय अजून काढत नाहीत. युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, मात्र २००९ पासून प्रत्येक वेळी. २०१३ ला उपांत्यपूर्व फेरी. २०२२ ला तीन सामने, तीन बरोबऱ्या, एकही न हरता घरी. त्यानंतरची २०२५ ला, स्वित्झर्लंडमध्ये.

क्लबांचं ऐका. २०२१ मध्ये ब्रेदाब्लिक चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचला. आइसलंडच्या कुठल्याच क्लबला हे आधी जमलं नव्हतं, पुरुषांच्याही नाही. गटात पॅरिस, रियल माद्रिद आणि युक्रेनचा खारकीव. सहा सामन्यांत एक गुण, स्वतःचा गोल शून्य. तुम्ही म्हणाल, मग? मग काही नाही. पण डिसेंबरातला माद्रिदविरुद्धचा घरचा सामना मी पाहिला. बर्फ इतका पडत होता की पलीकडचा गोलखांब दिसेना. चेंडू नारिंगी. मैदानाच्या रेषा फावड्याने मोकळ्या करायचे आणि दहा मिनिटांत त्या पुन्हा गायब. माद्रिदच्या खेळाडू हातमोज्यांत हात चोळत होत्या. आपल्या पोरी ०-३ हरल्या आणि प्रेक्षक जागचे हलले नाहीत. त्यात एक आजोबा गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसले होते. मी विचारलं, नात आहे का संघात? म्हणाले, नाही, ह्या पोरींना मी लहानपणी दूधकेंद्रावरून घरी सोडायचो, सगळ्याच आमच्या.

आता माझीही तक्रार सांगते, नाहीतर मोरूभाऊ मला आइसलंडची जाहिरातदार म्हणतील. सगळं आलबेल नाही. इथल्याच एका क्लबमध्ये गेल्या हिवाळ्यात मुलींचा छपराखालचा सराव तीनदा हलवला, तीनदाही मुलांच्या संघासाठी. तिसऱ्या वेळी आम्ही आयांनी सभेत उठून विचारलं. आधी गडबड, मग वेळापत्रकाचा दोष, मग संगणकाचा. चौथ्यांदा हलवला नाही. राष्ट्रीय संघाला सामन्याचं मानधन पुरुषांइतकं मिळायला लागलं तेही २०१८ पासूनच. आणि मोठं प्रकरण सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिरचं. २०२० ची चॅम्पियन्स लीग फायनल लियों या फ्रेंच क्लबकडून खेळताना जिने गोल केला, ती गरोदर राहिली आणि क्लबने पगार रोखला. तिने फिफाच्या लवादाकडे दाद मागितली आणि जिंकली, थकलेला पगार मिळाला, ८२ हजार युरोंच्या वर. इथल्या पोरींना ही गोष्ट पाठ आहे.

---

साडेपाचची_लोकल | सोम, ०७/१०/२०२४ - २२:१७

सभेत उठून विचारलं, हे वाचून हेवा वाटला.

मी कॉलेजात असताना आम्ही तेराजणी होतो. मैदान संध्याकाळी क्रिकेटवाल्यांचं, सकाळी चालणाऱ्या आजोबांचं. आम्हाला मिळायचा तो खो-खोच्या खांबामागचा कोपरा, जिथे पावसाळ्यात घोट्यापर्यंत पाणी. एका दिवशी दोन क्रिकेटवाले चेंडू शोधत आले आणि आमच्याच खेळात उभे राहून सल्ले द्यायला लागले. आमची कप्तान काही बोलली नाही. चेंडू घेतला, दोघांच्या पायांमधून काढला आणि गोल केला. त्या दिवशी शब्द एकच ऐकू आला, "आयला".

२०२२ च्या ऑक्टोबरात नेरुळला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल पाहायला गेले होते, स्पेन-कोलंबिया. जुन्या तेरापैकी आम्ही चौघी जमलो. दोघींना नवऱ्याला सांगावं लागलं की सेलला जातोय.

---

नर्मदाकाकू | सोम, ०७/१०/२०२४ - २२:४०

सेलला जातोय म्हणून सांगितलं! शाब्बास.

---

गोंयकार_पात्रांव | मंगळ, ०८/१०/२०२४ - ०९:०५

एक कुतूहल. हे सगळं १९७५ च्या त्या प्रसिद्ध संपानंतर सुरू झालं का? बायकांनी एक दिवस घरकाम, ऑफिस सगळं बंद ठेवलं होतं तो.

---

उत्तरवाहिनी | मंगळ, ०८/१०/२०२४ - १०:३३

नाही, लीग त्या संपाहून तीन वर्षांनी मोठी आहे. पहिला मोसम १९७२, पहिला विजेता हाफ्नारफ्योर्दुर गावचा एफएच. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघटनेने १९२१ साली बायकांना आपल्या मैदानांवर खेळायला बंदी घातली, ती पन्नास वर्षांनी उठली. इंग्लंडात ती उठते न उठते तोच इथे लीग सुरू झालेली. २४ ऑक्टोबर १९७५ ला नव्वद टक्के बायका कामावर गेल्या नाहीत तेव्हा त्यांच्यातल्या काहीजणी चार मोसम खेळून मोकळ्या झाल्या होत्या. राष्ट्रीय संघाचा पहिला सामना मात्र १९८१ ला, स्कॉटलंडशी, २-३ हरले.

आणि २०२१ मध्ये इथल्या फुटबॉल संघटनेत मोठं वादळ झालं, लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी दाबल्याचा आरोप होता, सगळं मंडळ पायउतार झालं. त्यानंतर वांदा सिगुर्गेइर्सदोत्तिर अध्यक्ष झाली, युरोपातल्या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष. तीही याच लीगमध्ये खेळलेली.

अवांतर: ज्वालामुखी फुटला की तिथल्या संघांचं काय होतं, असं व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलंय, इथेच सांगते. ग्रिंदाविक गाव २०२३ च्या नोव्हेंबरात रिकामं केलं. त्यांचा मुलींचा संघ तेव्हा दुसऱ्या विभागात होता. २०२४ ला त्यांनी 'घरचे' सामने रेक्याविकमध्ये उसन्या मैदानावर खेळले. वेस्टमन बेटांना हे नवं नाही, १९७३ मध्ये त्यांच्याही गावाच्या काठावर जमीन फाटली होती आणि सगळी वस्ती रातोरात बोटींनी हलवली. त्या बेटावरच्या मैदानाला मागे कडा आहे. समुद्र खवळला की पाहुणा संघ बोटीत हिरवा-पिवळा होऊन उतरतो. मार्ग्रेत लारा तिथलीच.

---

पेठेतला_रांगडा | मंगळ, ०८/१०/२०२४ - २१:५५

ताई, समदं वाचलं, बायकोला बी वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, एवढ्या पोरी गोळा कुठनं होतात?

---

उत्तरवाहिनी | बुध, ०९/१०/२०२४ - ०८:२०

वहिनींना सांगा, पाचव्या वर्षापासून. जुलैत कोपावोगुरला ब्रेदाब्लिकची एक स्पर्धा असते, पाच ते बारा वर्षांच्या मुलींची. तीनेक हजार मुली येतात. बाहेरगावच्या मुली शाळेच्या वर्गांत गाद्या टाकून झोपतात. यंदा एका रात्री माझी पाळी होती. बावीस पोरी, एक खोली, दोन वाजता एकीचा दात पडला. तो कागदी रुमालात बांधला, वर नाव लिहिलं, तर तीन मिनिटांत तिघींचे दात हलायला लागले. सकाळी पाऊस आडवा. पहिला सामना माझी लेक ०-६ हरली, बाहेर आली आणि विचारलं, वडी आहे का? आईने पाठवलेल्या नारळाच्या वड्या होत्या. विरुद्ध संघातल्या दोघींनीही खाल्ल्या. मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभी असलेली मुलगी संध्याकाळी लीगचा सामना खेळणार होती, तिनेही एक उचलली.

---

पेठेतला_रांगडा | बुध, ०९/१०/२०२४ - ०८:४१

आमची धाकटी सात वर्षांची हाय. कालपासनं घरात चेंडू मागून डोकं खाल्लंय. कपाटावर थोरल्याचा ५ नंबरचा पडलाय, तोच देऊ का?

---

उत्तरवाहिनी | बुध, ०९/१०/२०२४ - ०८:४४

अजिबात नको, पाय दुखेल आणि चार दिवसांत सोडून देईल. ३ नंबरचा आणा. आठ पूर्ण झाली की ४. आणि हवा जरा कमीच भरा.